लाकडी मॉडेल किटच्या जोडणीचं ॲनिमेशन कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेझरने कापलेल्या ३ मिमी प्लायवूडचं एक किट तयार आहे, हँडल फिरवलं की गिअर फिरतात असं, चाळीसेक पार्ट, सोबत छापील सूचना आहेत पण जोडणारे लोक मधेच अडकतात, म्हणून ॲनिमेशन करायचंय. ब्लेंडर थोडंफार येतं. सुरुवात कुठून करायची, हेच सॉफ्टवेअर पुरेल का, किती लांबीचं करायचं, आणि सगळे पार्ट हवेतून येऊन आपापल्या जागी बसतात तसं दाखवायचं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. सगळे पार्ट एकामागोमाग उडत येऊन बसतात ते ॲनिमेशन दिसतं मस्त, किटची ओळख करून द्यायला जरूर करा, पण ते बघून कोणाला किट जोडता येत नाही. जोडणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, बोटांना ग्लू लागलेला असतो, नजर टेबलावरून स्क्रीनवर आणि स्क्रीनवरून टेबलावर अशी सारखी ये-जा करत असते. तो स्क्रीनकडे बघतो ते तीनच गोष्टींसाठी: आता कुठला पार्ट उचलू, तो कुठल्या बाजूने आणि कसा लावू, आणि नीट बसलाय हे कशावरून ओळखू. यातली मधली गोष्ट तेवढी हालचालीतून कळते, पहिली आणि तिसरी थांबलेल्या चित्रातूनच कळते. म्हणजे तुमच्या ॲनिमेशनचा जास्त वेळ पार्ट थांबलेलेच असायला हवेत, आणि नवीन माणूस नेमकं याच्या उलट करतो, सगळी मेहनत हालचालीवर घालतो आणि पार्ट बसला की लगेच पुढचा आणतो.

हे नुसतं माझं मत नाहीये. मनीष अग्रवाला, बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी २००३ साली जोडणीच्या चित्रांवर काम प्रसिद्ध केलं होतं, त्यात लोकांना फक्त खोक्यावरचा फोटो बघून एक टीव्ही स्टँड जोडायला दिला आणि मग त्यांनाच दुसऱ्यासाठी सूचना तयार करायला सांगितल्या. त्यातून जे निघालं ते आजही जसंच्या तसं लागू पडतं: एका चित्रात एक मुख्य पार्ट, त्याला लागणारे बारके स्क्रू वगैरे त्याच चित्रात, नुसतं 'जोडून झाल्यावर असं दिसेल' यापेक्षा 'हा इथून तिथे जातो' हे दाखवणारी चित्रं लोकांना जास्त उपयोगी, आणि नवीन पार्ट कशाच्या मागे लपता कामा नये. ट्वर्स्कींनी त्याच्या आधी २००२ मध्ये ॲनिमेशनचा खरंच किती फायदा होतो हेही तपासून मांडलंय, आणि त्याचं सार असं की हालचाल बघणाऱ्याच्या डोक्यात शिरेल इतकी सावकाश आणि साधी नसेल तर स्थिर चित्र बरं. हे मनात ठेवा आणि मगच ब्लेंडर उघडा.

उघडायच्या आधीही एक काम आहे. किट स्वतः जोडा, आणि वरून मोबाइल लावून फक्त हातांचं शूटिंग करा. तुम्ही डिझाइन केलंय म्हणजे तुम्हाला जोडणीचा क्रम माहीत आहे असं वाटतं, पण डिझाइनचा क्रम वेगळा आणि हातांचा क्रम वेगळा. कॅडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमध्ये) कुठलाही पार्ट कुठेही हवेत तरंगतो, टेबलावर मात्र एक बाजूची प्लेट उभी धरायला तिसरा हात लागतो, आणि तो नसतो म्हणून माणूस ती आडवी ठेवून त्यावर बाकीचं रचतो. व्हिडिओत बघा तुम्ही कुठे मॉडेल उलटं केलंत, कुठे बोट आत घालून पार्ट दाबून धरलात, कुठे आधी बसवलेला पार्ट परत थोडा बाहेर ओढलात. या प्रत्येक जागी ॲनिमेशनमध्ये काहीतरी दाखवायला लागणार आहे. इथेच सब-असेंब्ली पण ठरतात, म्हणजे हँडल आणि त्याचा दांडा हे वेगळं जोडून बाजूला ठेवायचं, गिअरची जोडी वेगळी, आणि मग ते सगळं फ्रेममध्ये. ४० पार्टचं किट सरळ ४० स्टेपमध्ये दाखवलं तर पंधराव्या स्टेपनंतर माणूस हरवतो, तेच तीन-चार सब-असेंब्लीत मोडलं की डोक्यात राहतं.

आता मॉडेल. लेझर किट असल्यामुळे तुमच्याकडे कापायच्या रेषांची डीएक्सएफ किंवा एसव्हीजी फाइल असणार, ते ब्लेंडरमध्ये आणून ३ मिमी जाडी देणं सोपं आहे. फ्युजन किंवा फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी असेंब्ली केलेली असेल तर अजून चांगलं, पण स्टेप फाइल (STEP, कॅडमधल्या थ्रीडी मॉडेलचा एक फाइल प्रकार) ब्लेंडर स्वतःहून उघडत नाही, ती फ्रीकॅडमधून एसटीएल, ओबीजे किंवा जीएलटीएफ करून आणावी लागते. एसटीएलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, फक्त आकडे असतात, आणि ब्लेंडर एक युनिट म्हणजे एक मीटर धरतं, त्यामुळे १२० मिमीची प्लेट १२० मीटरची होऊन बसते. आणतानाच ०.००१ स्केल द्या, आणि आणल्यावर स्केल अप्लाय करा, नाहीतर पुढे बेव्हल (कडा किंचित तिरक्या करणं) आणि पॅरेंटिंग (एक पार्ट दुसऱ्याला बांधणं) दोन्हीकडे त्रास होतो.

प्लायवूडच्या किटमध्ये एक गोष्ट हमखास होते. खाच बरोबर ३ मिमी, खुंटी बरोबर ३ मिमी, त्यामुळे जोडल्यावर दोन पृष्ठभाग एकाच जागी येतात आणि रेंडरमध्ये (शेवटी निघणाऱ्या चित्रात) तिथे चट्टेपट्टे लुकलुकतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पार्टला ०.२ मिमीचं बेव्हल आणि पृष्ठभाग अगदी ०.०५ मिमीने आत घेणं. बेव्हलचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे, कडांवर उजेडाची बारीक रेघ येते आणि त्यामुळे करड्या रंगाचे दहा पार्ट एकमेकांना चिकटून असले तरी कुठला कुठे संपतो ते दिसतं.

पार्टची नावं आत्ताच द्या, आणि तीच द्या जी शीटवर कोरलेली आहेत. शीटवर १४ लिहिलंय तर ऑब्जेक्टचं नाव १४. 'क्यूब.०२३' वगैरे ठेवून पुढे गेलात तर अर्ध्या रस्त्यात कुठला पार्ट कुठला हे शोधण्यातच वेळ जाईल.

मुख्य युक्ती आता सांगतो, ही सवय लागली की काम निम्मं होतं. जोडणीचं ॲनिमेशन सुट्या पार्टपासून सुरू करून पुढे नेऊ नका. मॉडेल पूर्ण जोडलेल्या अवस्थेत ठेवा आणि उलट दिशेने सोडवत या, शेवटचा पार्ट आधी बाहेर काढा. प्रत्येक पार्टची बसलेली जागा पक्की असते, बाहेरची जागा कशीही चालते, म्हणून पक्क्या जागेवर आधी की (कीफ्रेम, म्हणजे त्या फ्रेमला पार्ट कुठे आहे याची नोंद) टाकायची, मग ४०-४५ फ्रेम मागे जाऊन पार्ट बाहेर ओढून तिथे की टाकायची. आणि हे सुरू करायच्या आधी सगळे पार्ट सिलेक्ट करून ऑब्जेक्ट मेनूतल्या अप्लायमध्ये जाऊन सगळे ट्रान्सफॉर्म डेल्टामध्ये टाका. त्याने काय होतं तर जोडलेली अवस्था म्हणजेच प्रत्येक पार्टची शून्य जागा होते, मग कुठलाही पार्ट कुठेही गेला असू दे, ऑल्ट-जी आणि ऑल्ट-आर दाबलं की तो बरोबर आपल्या खाचेत परत येतो. अंदाजाने ओढून बसवायची भानगडच राहत नाही.

दोन की मधल्या काळात एक घोटाळा होतो तो बघून ठेवा. पार्ट बाहेर थांबलाय असं तुम्हाला वाटतं पण रेंडरमध्ये तो आधीपासूनच हळूहळू सरकत असतो. कारण हालचाल जिथे सुरू व्हायला हवी त्या फ्रेमवर की टाकलेलीच नसते, आणि ब्लेंडर मागच्या कीपासून थेट पुढच्या कीपर्यंत पार्ट नेत राहतं. म्हणून प्रत्येक थांब्याला दोन की, सुरुवातीला एक आणि संपताना एक, दोन्हींत पार्टची जागा तीच. आणि पॅरेंटिंग: सब-असेंब्लीतले पार्ट एका एम्प्टीला (रेंडरमध्ये न दिसणाऱ्या रिकाम्या ऑब्जेक्टला) बांधा म्हणजे पुढे ती पूर्ण सब-असेंब्ली एकत्र हलवता येते, आतल्या पार्टच्या कीला हात लावावा लागत नाही.

एका स्टेपचं माप मी असं धरतो. सेकंदाला ३० फ्रेम. पहिले ३० फ्रेम नवीन पार्ट बाजूला स्थिर, रंगीत, आणि ज्या खाचेत तो जाणार त्या खाचेची कडही त्याच रंगात. मग ४५ फ्रेम हालचाल. मग ६० फ्रेम पूर्ण थांबा. १३५ फ्रेम झाले, साडेचार सेकंद. २५ स्टेप धरल्या तर सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत बसतं. पण हे दोन मिनिटांचं एकच व्हिडिओ म्हणून देऊ नका, प्रत्येक स्टेपची वेगळी क्लिप करा आणि ती आपोआप पुन्हा पुन्हा चालू राहू द्या. जोडणाऱ्याला एका स्टेपला कधी वीस सेकंद लागतात कधी पाच मिनिटं, आणि ग्लू लागलेल्या बोटाने व्हिडिओची पट्टी मागे सरकवून नेमकी तीच जागा शोधणं हे खरोखर वैताग आणणारं काम आहे. क्लिप लूपवर असेल तर तो फक्त मान वर करतो आणि त्याला हवं ते दिसतं, एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्म्या तक्रारी बंद होतील.

हालचाल कशी असावी यावर थोडा जास्त वेळ घालवतो कारण लाकडी किटमध्ये इथेच खरी गंमत आहे. समजा बाजूच्या दोन प्लेटमध्ये एक आडवी पट्टी जाते, तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या. ॲनिमेशनमध्ये करायला सगळ्यात सोपं म्हणजे पट्टी वरून सरळ खाली आली आणि बसली. पण प्रत्यक्षात ती तशी बसूच शकत नाही, दोन्ही प्लेट आधीच उभ्या असतील तर खुंट्या आडव्या येतात. माणूस काय करतो, पट्टी तिरकी धरतो, डावी खुंटी आधी डाव्या खाचेत घालतो, मग उजवी प्लेट अंगठ्याने किंचित बाहेर दाबतो आणि पट्टी आडवी करत उजवी खुंटी आत सोडतो. तुमच्या ॲनिमेशनमध्ये हे सगळे टप्पे दिसले पाहिजेत: पट्टी तिरकी येते, डावं टोक अडकतं, प्लेट एक-दोन मिमी बाहेर झुकते, पट्टी डाव्या टोकाभोवती फिरून आडवी होते, प्लेट परत सरळ. यासाठी पट्टीचा ओरिजिन (ज्या बिंदूभोवती पार्ट फिरतो तो) मधोमध न ठेवता डाव्या खुंटीवर आणून ठेवा, म्हणजे एक रोटेशनची की दिली की काम होतं. (ओरिजिन डेल्टा करायच्या आधी हलवायचा, नंतर नाही.) जो पार्ट भिंतीतून आरपार जाऊन जागेवर बसतो त्या ॲनिमेशनवरचा माणसाचा विश्वास तिथेच उडतो, आणि मग तो बरोबर असलेल्या स्टेपवरही शंका घ्यायला लागतो.

दुसरी जागा गिअरची. दांड्यावर आधी पातळ चकती, मग गिअर, मग परत चकती, असा क्रम असतो बहुतेक. आतली चकती राहिली तर गिअर मागच्या प्लेटला घासतो आणि हँडल जड फिरतं, आणि हे कळतं कधी तर सगळं जोडून झाल्यावर. म्हणून चकती आणि गिअर या दोन वेगळ्या स्टेप करा, जरी चकती एवढीशी असली तरी, आणि गिअर बसल्यानंतरच्या थांब्यात कॅमेरा बाजूने नेऊन गिअर आणि प्लेटमधली फट दाखवा. मग एक स्टेप अशी टाका ज्यात नवीन काही जोडायचंच नाही, फक्त हँडल फिरवून बघायचं. १२ दातांचा छोटा गिअर ३६ दातांच्या मोठ्याला फिरवत असेल तर हँडलचे तीन फेरे म्हणजे मोठ्याचा एक फेरा, हे दिसू द्या, जोडणाऱ्याला स्वतःचं मॉडेल ताडून बघायला पक्की खूण मिळते. ब्लेंडरमध्ये हे हाताने की टाकून करू नका, मोठ्या गिअरच्या रोटेशनवर ड्रायव्हर (एक आकडा दुसऱ्यावरून आपोआप काढणारं सूत्र) लावा, छोट्याचं रोटेशन गुणिले १२ भागिले ३६ आणि चिन्ह उलटं. दात एकमेकांवर चढलेले दिसत असतील तर मोठा गिअर अर्धा दात फिरवा, ३६ दात म्हणजे एका दाताला १० अंश, म्हणून ५ अंश.

आता पार्ट ओळखण्याबद्दल. जोडणाऱ्याच्या समोर पार्ट उभा तरंगत नसतो, तो शीटमध्ये सपाट पडलेला असतो, बऱ्याचदा आडवा किंवा उलटा. म्हणून प्रत्येक क्लिपच्या कोपऱ्यात ती शीट छोटी करून दाखवा, जशी छापली आहे तशीच, त्यात त्या स्टेपचा पार्ट रंगीत, आणि शेजारी नंबर आणि किती हवेत तो आकडा. जुळे पार्ट असतील, म्हणजे १४ आणि १५ एकमेकांचे आरसे आणि फरक फक्त एका भोकाच्या जागेचा, तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ते भोक रंगवून दाखवा आणि मगच हवा तो पुढे आणा. लेझरच्या किटमध्ये उलटसुलट हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे कारण प्लाय दोन्हीकडून सारखंच दिसतं. नंबर कोरलेली बाजू कुठे येणार हे प्रत्येक स्टेपमध्ये दिसलं पाहिजे, त्यामुळे मॉडेलवरही नंबर कोरलेले ठेवा, टेक्स्चर म्हणून का होईना.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. साधारण वरून ३० अंशांनी, एका बाजूला वळलेला, आणि ऑर्थोग्राफिक (ज्यात लांबचं लहान दिसत नाही असा). पक्का आयसोमेट्रिक कोन (तिन्ही बाजू सारख्याच झुकलेल्या दिसतात तो) टाळा, त्यात पुढचे आणि मागचे कोपरे बरोबर एकाच रेषेत येतात आणि कुठलं पुढे कुठलं मागे कळेनासं होतं, पाच-दहा अंश इकडेतिकडे केलं की सुटतं. पार्ट हलत असताना कॅमेरा हलवायचा नाही आणि कॅमेरा हलत असताना पार्ट हलवायचा नाही, दोन्ही एकदम हललं तर माणसाला कळतच नाही काय कुठे गेलं. मॉडेल उलटं करायचं असेल तर ती स्वतंत्र स्टेप, मॉडेलच फिरवा, कॅमेरा फिरवू नका, कारण टेबलावर बसलेला माणूस मॉडेल फिरवणार आहे, स्वतः टेबलाभोवती फिरणार नाहीये. कॅमेरे दोन-तीन वेगवेगळे ठेवून टाइमलाइनवरच्या मार्करला बांधता येतात, कंट्रोल-बी, म्हणजे प्रत्येक स्टेपला हवा तो कोन आपोआप लागतो. मार्करला स्टेपचं नाव द्या, पुढे क्लिप तोडताना तेच कामाला येतात.

रंग एकच. आधी जोडलेलं सगळं फिकट करडं, नवीन पार्ट गडद केशरी किंवा निळा, बास. लाल-हिरवा फरक वापरून काही सांगू नका, साधारण १२ पुरुषांत एकाला तो फरक नीट दिसत नाही. लाकडाचं छान टेक्स्चर लावायचा मोह होतो, तो पहिल्या ओळखीच्या व्हिडिओत पुरवा, सूचनांमध्ये लाकडाच्या रेषा आणि पार्टच्या कडा एकमेकांत मिसळतात.

रेंडरसाठी सायकल्सच्या (ब्लेंडरमधलं खऱ्यासारखं पण सावकाश चित्र काढणारं इंजिन) मागे लागायची अजिबात गरज नाही. ब्लेंडरमधलं वर्कबेंच इंजिन याच कामासाठी असल्यासारखं आहे, त्यात आउटलाइन आणि कॅव्हिटी चालू करा, रंग 'ऑब्जेक्ट'वर ठेवा, आणि प्रत्येक ऑब्जेक्टच्या रंगावर की टाकता येते, म्हणजे बसल्यावर केशरी पार्ट हळूच करडा होतो, त्यासाठी मटेरियल बनवायचं कामच नाही. साध्या लॅपटॉपवरही फ्रेम पटापट निघतात. शाईने काढल्यासारख्या रेषा हव्या असतील तर २.९३ पासून आलेला लाइन आर्ट मॉडिफायर आहे, दिसतो सुंदर, पण गिअरच्या दातांवर रेषांची गर्दी होते, तिथे जाडी कमी ठेवा. थेट व्हिडिओ फाइल रेंडर न करता पीएनजी फ्रेम काढा, मधे लाइट गेली किंवा एका स्टेपमध्ये बदल करायचा झाला तर तेवढेच फ्रेम परत काढता येतात. मग एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रामने एच.२६४ एमपी४, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, नाहीतर काही फोनवर व्हिडिओ काळा दिसतो किंवा चालतच नाही.

गिफ करू नका. २५६ रंगच मिळतात, फाइल मोठी होते आणि थांबवता येत नाही. वेबपेजवर टाकणार असाल तर आवाज बंद केलेला, लूपवरचा एमपी४, आणि व्हिडिओच्या टॅगमध्ये 'playsinline' लिहायला विसरू नका, नाहीतर आयफोनवर व्हिडिओ फुलस्क्रीन उघडतो. आवाज बंद नसेल तर मोबाइलचे ब्राउझर आपोआप सुरूच करत नाहीत. म्हणजे बोलून सांगितलेल्या सूचनांवर किट अवलंबून ठेवता येत नाही, जे सांगायचं ते चित्रातच यायला हवं, फार तर दोन-तीन शब्द: 'नंबर बाहेरच्या बाजूला', 'इथे ग्लू नको'. यूट्यूबवर अखंड व्हिडिओ टाकायचाच असेल तर चॅप्टर करा, पहिला ००:०० पासून, किमान तीन, आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा लागतो, म्हणजे साडेचार सेकंदांची एकेक स्टेप चॅप्टर होत नाही, सब-असेंब्लीप्रमाणे पाडा. छापील पत्रक फेकून देऊ नका, त्याच्या प्रत्येक पानावर त्या पानाच्या क्लिपांचा क्यूआर कोड टाका. लोक पत्रकावरूनच जोडतात आणि अडले की स्क्रीनकडे जातात, तो रस्ता छोटा करून द्या.

जोडणाऱ्याला स्वतः मॉडेल फिरवून बघता यावं असं वाटत असेल तर जीएलबी फाइल (जीएलटीएफचाच सगळं एका फाइलमध्ये असलेला प्रकार) ब्राउझरमध्ये दाखवता येते, गूगलचा मॉडेल-व्ह्यूअर किंवा थ्री.जेएस वापरून. आतल्या बाजूचं काही असेल तेव्हा हे व्हिडिओपेक्षा सरस पडतं. फक्त एवढं की साध्या जीएलटीएफमध्ये जागा, रोटेशन, स्केल आणि शेप की एवढंच ॲनिमेट होतं, दिसणं-लपणं आणि ऑब्जेक्टचा रंग जात नाही. न आलेले पार्ट लपवायचे तर स्केल शून्य करा, आणि रंगासाठी पेजवरच्या कोडमधून मटेरियल बदला. पहिल्यांदाच करत असाल तर आधी क्लिपा पूर्ण करा, हे नंतर.

ॲनिमेशनला जे दाखवताच येत नाही त्यासाठी त्याच्याशी झटत बसू नका. खुंटी किती जोरात दाबायची, घट्ट वाटली तर पॉलिश पेपरने कुठली बाजू किती घासायची, ग्लूचा थेंब केवढा, बसताना टक असा आवाज येतो, हे सगळं खऱ्या हातांच्या आठ-दहा सेकंदांच्या व्हिडिओत एका झटक्यात कळतं. थ्रीडीमधले हात बनवण्यात आठवडे जातात आणि तरी ते जोर दाखवू शकत नाहीत. अशा दोन-चार स्टेपना खरी क्लिप जोडा, वरून, पांढऱ्या कागदावर, ॲनिमेशनच्याच कोनातून.

झाल्यावर तपासणी. ज्याने किट कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला द्या, समोर बसा आणि काही म्हणजे काही बोलू नका, त्याने विचारलं तरी नाही. तो चुकतो कुठे यापेक्षा तो थबकतो कुठे ते लिहून घ्या. हातात पार्ट धरून दोनदा स्क्रीनकडे बघितलं की तिथे बाजू कळलेली नाही. शीटवर नजर फिरत राहिली तर कोपऱ्यातली शीट लहान पडतेय. बसवून परत काढला तर थांब्यातल्या चित्रात खात्री पटण्यासारखं काही नाहीये. तुमच्या डोळ्यांना यातलं काहीच दिसणार नाही कारण तुम्हाला किट पाठ आहे. अजून एक, लोक एकाच स्टेपला वारंवार अडकत असतील तर आधी पार्टकडे बघा, ॲनिमेशनकडे नंतर. भोक थोडं एका बाजूला सरकवून पार्ट उलटा बसणारच नाही असं करता आलं तर त्या स्टेपला जुळ्या पार्टची तुलना दाखवावीही लागत नाही.

आणि असा बदल केलात की ॲनिमेशन परत पहिल्यापासून करावं लागेल याची भीती बाळगू नका. की ऑब्जेक्टवर असतात, मेशवर (पार्टच्या आकारावर) नाही, त्यामुळे नवीन आकाराचं मेश त्याच ऑब्जेक्टला जोडलं की सगळी हालचाल तशीच राहते, फक्त ओरिजिन जुन्या जागीच असायला हवा. मग त्या पार्टच्या आणि तो दिसतो त्या पुढच्या स्टेपचे फ्रेम तेवढे परत काढायचे.